पहिली वाटी

अश्विन पौर्णिमेला देवमन सुभेदारांच्या घरी भंतेजींचं भोजनदान आटोपलं, की घरातली खिरीची पहिली वाटी कोणापुढं ठेवायची हे कोणी विचारत नसे. ती थोरल्या लेकाची, चंदनची. गेली तीस वर्षं चंदनचीच. आणि तेवढीच वर्षं ती वाटी थोरल्या भावापुढं ठेवली जाताना धाकट्या सुगतच्या पोटात जे दुखायचं, त्यावर अमरावतीत काय आणि अकोल्यात काय, औषध नव्हतं. माणूस पन्नाशीला टेकला, टक्कल पडलं, अकोल्याला दोन मजली घर झालं, कचेरीत शिपाई उठून उभे राहू लागले; पण त्या वाटीपुढं तो कोवळा पोरगाच राहिला. हेव्याला वय नसतं म्हणतात ते उगाच नाही.

आता वाटी काय सोन्याची होती? साधी स्टीलची, बुडाशी पोचा आलेली. पण तिच्यामागं सुभेदारांचा कायदा होता. चीनची लढाई झाली तेव्हा देवमन अठरा वर्षांचा. कापसाची गाडी घेऊन अमरावतीच्या बाजारात आला, गाडी झाडाखाली सोडली आणि भरतीच्या रांगेत जाऊन उभा राहिला. ना आईला विचारलं, ना बापाला. बैल तिसऱ्याच माणसानं घरी पोचवले. पहिल्या रजेवर आला तो नेमका अश्विन पौर्णिमेला, आणि त्याच्या आईनं नवऱ्याच्याही आधी लेकापुढं वाटी ठेवली. तेव्हापासून ज्याच्या अंगावर वर्दी, त्याची पहिली वाटी. इथवर ठीक होतं. पण एकाहत्तरची लढाई पाहून आल्यावर सुभेदारांनी त्याला दुसरं कलम जोडलं: प्रत्येक पिढीत या घरातून एक तरी पोरगा फौजेत गेलाच पाहिजे. सरकारनं कोणाला सक्ती केली नव्हती. स्वतःच्या मर्जीनं गेलेल्या या माणसानं मात्र आपल्या घरात सक्तीची भरती सुरू केली.

त्या कायद्याखाली दोघं भाऊ एकाच सकाळी भरतीला धावले होते. चंदन पास झाला. सुगत तिसऱ्या फेरीत पोट धरून बसला आणि मैदानाच्या कडेला भडाभडा ओकला. ऊन लागलं, असं तो लोकांना सांगे. भल्या सकाळी कसलं ऊन, असं लोक बोलून दाखवत नसत, पण त्यांच्या तोंडावर दिसे. सुभेदार त्याला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पुढच्या पौर्णिमेला वाटी चंदनपुढं ठेवायला लावली आणि सुगतकडं पाहिलंही नाही.

चंदन वीस वर्षं काढून हवालदार म्हणून घरी आला, तरी वाटी त्याचीच राहिली. लग्नकार्यात पुढची खुर्ची त्याची. पाहुणे आले की 'काय फौजी' म्हणून त्याच्याच गळ्यात पडणार. बैठकीत बापाचा वर्दीतला फोटो आणि शेजारी चंदनचा, सुगतचा बी.कॉम.चा फोटो कपाटात, गाद्यांच्या खाली. नाही म्हणायला एक गोष्ट सुगतच्या पदरी होती, आणि ती त्यानं कोणाला सांगितली नव्हती. त्या भरतीच्या सकाळी आईनं, इंदूबाईनं, त्याला चुलीपाशी बसवून खीर खाऊ घातली होती. चंदनला नाही. एकट्या त्याला. वाटी बापाची असेल, पण आई आपली, हे तो मनातल्या मनात घोळवायचा आणि त्यावर दिवस काढायचा.

यंदा मात्र त्याच्या पोटात दुखत नव्हतं. यंदा त्याच्याकडं अनुप होता.

चंदनला एकच लेक, ती नागपूरला नर्स. म्हणजे या पिढीत घरातला पोरगा एकच, सुगतचा. अनुप अग्निवीरची लेखी परीक्षा पास झाला होता आणि उद्या पहाटे अमरावतीच्याच मैदानावर त्याची धावण्याची पाळी होती. बापानं त्याला आठ महिने घडवलं होतं. रोज पहाटे पोरगा पुढं पळतोय आणि हा मागून स्कूटीवर शिट्टी फुंकतोय, हे अकोल्याच्या त्या कॉलनीनं इतकं पाहिलं की लोक गजर लावायचे विसरले. आज सकाळी बायको नीलम आणि अनुपला घेऊन तो मूर्तिजापूरच्या रस्त्यानं अमरावतीला आला तेव्हाच त्याची छाती दोन बोटं पुढं होती. अनुप गाडीत खिडकीशी बसून बाहेर पाहत होता. तो कुठंही तसाच बसे, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही.

विहारातली वंदना झाली, भंतेजी जेवून गेले, पांढऱ्या कपड्यातली मंडळी बैठकीत मांडी घालून बसली. दुपार कलली होती. चंदनच्या बायकोनं, भावनानं, पहिली वाटी आणून नवऱ्यापुढं ठेवली.

"खाऊन घे दादा, चाटूनपुसून खा," सुगत म्हणाला. "पुढच्या साली ही वाटी अकोल्याची हाय."

चंदननं वाटीला हात लावला नाही. "चार वर्षांसाठी," तो म्हणाला. "मंग वापस करशीन ना?"

"म्हणजे?"

"म्हणजे अग्निवीर चार वर्षांचा रायते. चारातला एक ठेवतात, तिघं घरी. पोट्टं तेविशीत वापस आलं तं वाटी कोणाची? त्याची का माही?"

"त्याचीच," सुगत म्हणाला. "तू तरी कुठी आता फौजेत हायेस? बँकेच्या दारात उभा रायतो, तरी खाऊनच राहिला ना?"

भावनाच्या हातातलं वगराळं थांबलं. नीलमनं नवऱ्याकडं डोळे वटारून पाहिलं, पण सुगतची गाडी उताराला लागली होती. तीस वर्षं दाबून ठेवलेलं बोलायला त्याला आज पोराचं बळ मिळालं होतं.

"मी तं म्हणतो सरकारनंच कायदा करावा," तो म्हणाला. "अठराचा झाला का दोन वर्षं फौज. मंत्र्याचा असो का मजुराचा. किती देशांत हाय. पोट्ट्यायले शिस्त लागते."

"तू कुठी गेला होता शिस्त लावून घ्याले?"

बोलणं वर्मी लागलं. सुगतचे कान लाल झाले. चंदन मात्र चढ्या आवाजात बोलत नव्हता. तो वाटीतल्या खिरीकडं पाहत बोलत होता.

"आयक. माह्या पलटणीत सारे आपल्या मनानं आलेले. कोणी पोटासाठी, कोणी हौसेनं, कोणी घरी भांडून. पण आपल्या पायानं आलेले. बर्फात ड्युटी लागली का शिव्या द्याचे, पण स्वतःले द्याचे. मी एकटाच असा होतो का मी बाबाले द्याचो. हुकमानं आलेला माणूस शेजारी असन ना, तं बाकीच्यायले झोप नाही लागत. मले त्यायनं आपल्याजवळ ठेवून घेतलं हेच लई झालं."

"काय म्हणते तो?" सुभेदारांनी विचारलं. कानातलं यंत्र त्यांनी वंदनेच्या वेळी काढून खिशात ठेवलं होतं.

"खीर चांगली झाली म्हणतात, मामाजी," भावना म्हणाली.

सुभेदार खूश झाले. "होईनच. दूध घरच्या म्हशीचं हाय," ते म्हणाले. म्हैस विकून दहा वर्षं झाली होती, पण त्यांना कोणी आठवण करून दिली नाही.

सुगतनं स्वयंपाकघराकडं तोंड फिरवलं, आणि फिरवलं ते तिथंच राहिलं. उंबऱ्याशी अनुप बसला होता. त्याच्यासमोर इंदूबाई खिरीचा मोठा गंज घेऊन बसल्या होत्या. पोराच्या हातात वाटी नव्हती, चांगला वाडगा होता. शेजारी दोन रिकामे वाडगे एकात एक ठेवलेले होते आणि तिसरा अर्धा झाला होता.

"आई, काय करून राहिली तू?" सुगत उठलाच. "पहाटे पयाचं हाय त्याले. दुधाची खीर, तिच्यात साखर, तिच्यात खोबरं. पोटात दगड होईन."

"खाऊ दे लेकराले," इंदूबाई म्हणाल्या.

मागून चंदन हसला. ते हसणं चांगलं नव्हतं.

"खाऊ दे ना," तो म्हणाला. "आईचं जुनं औषध हाय ते. तुले लागू पडलं होतं, त्यालेही पडन."

आणि इथं सुगतनं जन्मभर जपलेलं हुकमाचं पान टाकलं. जाणता माणूस, पण अगदी पोरासारखा बोलला: "जळतो तू. त्या सकाळी आईनं मले खीर दिली होती, तुले नाही दिली. अजून जळतो तू त्याच्यावर."

चंदन त्याच्याकडं पाहतच राहिला. चिडलेला नव्हता. त्याला खरोखर नवल वाटलेलं दिसत होतं.

"हो, जळतो," तो म्हणाला. "पण तुले अजून समजलं नाही का गा?"

"काय समजाचं?"

"त्या दिवशी कोणती पौर्णिमा होती? कोणता सण होता? भरतीच्या दिवशी घरात खीर कायची? मले आई म्हणे, तू उपाशीपोटी जाय, हलका पयशीन. आन तुले बसवून दोन वाट्या, वरून तिसरी. मी दारात बूट बांधून राहिलो होतो. मले तवाच समजलं, दोघातला कोणता ती ठेवून घेऊन राहिली ते."

सुगत उभा होता तो खाली बसला. कोणी बस म्हटलं नव्हतं. त्याला मैदानाची ती कड आठवली, तोंडाला आलेली आंबट चव आठवली, दुधाच्या गाठी आठवल्या. एवढी वर्षं ज्याला तो आपल्या नशिबातला एकुलता एक लाड समजत होता, तो लाड त्याच्या पोटात दगड होऊन बसला होता. आणि ज्याला तो आपला कमकुवतपणा समजत होता, तो त्याचा नव्हताच.

"तीस वर्षं तू माह्या वाटीकडं पाहून राहिला," चंदन म्हणाला. "मी तुह्या."

सुभेदारांनी तेवढ्यात यंत्र कानात बसवलं होतं. किती ऐकलं कोण जाणे, पण हवं ते ऐकलं. ते बायकोकडं वळले.

"म्हणजे सुगत कच्चा नव्हता?"

"कच्चा काहून असन?" इंदूबाई म्हणाल्या. "चंदूपेक्षा जोरानं पये तो. म्हून तं चारावं लागलं."

"आन मले सांगतलं नाही?"

"तुमाले सांगून काय? तुमी दोघायले पाठवलं असतं. तुमचा कायदा एकाचा होता. एक दिला म्या. दोन कायले देऊ?"

असं बोलल्या आणि वगराळं गंजात ठेवून त्यांनी हात पदराला पुसले. चेहऱ्यावर पस्तावा शोधून सापडला नसता. जे केलं ते केलं, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन, असा त्यांचा बसण्याचा थाट होता.

"मंग मीच काहून?" चंदननं विचारलं. आवाज बारीक झाला होता. हा प्रश्न त्यानं बर्फात विचारला असेल, आगगाडीत विचारला असेल, लेक आठ महिन्यांची झाल्यावर पहिल्यांदा पाहिली तेव्हा विचारला असेल; आईला विचारायला मात्र आजचा दिवस उजाडावा लागला.

इंदूबाईंनी रिकामे वाडगे आपल्याकडं ओढले. मग म्हणाल्या, "तू कुठीही गेला तरी वापस येशीन, हे मले ठाऊक होतं. याचं नव्हतं ठाऊक. हे वेंधळं होतं. बाजारात पाठवलं तं थैली इसरून ये. तथी गेलं असतं तं पह्यल्याच साली जिवानिशी गेलं असतं. म्या लाडका ठेवला नाही बाप्पा. कच्चं होतं ते झाकून ठेवलं."

आता दोघांपैकी कोणाला सुखवावं आणि कोणाला दुखवावं? चंदनला वाटलं, आईनं मला निवडलं ते मी भक्कम म्हणून. मग छाती फुगण्याऐवजी डोळे का भरून आले हे त्याला कळेना. सुगतला बाप म्हणत होता कच्चा नव्हतास आणि आई म्हणत होती कच्चा होतास, एकाच दमात. धड तेही नाही आणि धड हेही नाही. त्याला कोणाचा तरी गळा धरावासा वाटत होता, आणि गळा धरायला समोर पोरगा होता.

"नीलम, मीठपाणी कर," तो म्हणाला. "कोमट. दोन गिलास."

"कायले?"

"त्याले ओकू दे. अजून सारी रात पडली हाय. पोट मोकळं झालं तं पहाटेपर्यंत हलकं होईन. माह्यासंग झालं ते झालं, ह्याच्यासंग नाही होऊ देणार मी. ऊठ अनुप, मोरीत चल."

नीलम जागची हलली नाही. बावीस वर्षांच्या संसारात ती नवऱ्याच्या शब्दाबाहेर क्वचित गेली होती. आज गेली.

"मी नाही करत," ती म्हणाली. "तुमी करा. आन तोंडात बोटंही तुमीच घाला त्याच्या."

"पाठव, पाठव," चंदन हळूच म्हणाला. "ओकवून पाठव. हुकमानं. माह्यासारखा."

सुगत आईवर घसरला. "हे सारं तुह्यामुळं. माहं वाटोळं केलं, आता ह्या पोट्ट्याचं करतेस. काहून चारलं त्याले?"

"म्या नाही चारलं," इंदूबाई म्हणाल्या. "तुले म्या चारलं होतं. ह्यानं मांगतली."

सुभेदार यंत्राला बोट लावून चाचपू लागले, बंद पडलं की काय म्हणून.

"मागच्या पौर्णिमेले आला होता, तवा ह्यानं मले इचारलं," इंदूबाई म्हणाल्या. "आजी, बाबा भरतीत काहून पडले होते? म्या सांगतलं. लेकरू इचारते तं सांगावं ना? आज आल्याबरोबर म्हणे, आजी, माह्यासाठी जास्तीची ठेव."

अनुपनं वाडगा खाली ठेवला. बापाकडं पाहायचं टाळत टाळत शेवटी पाहिलंच.

"मले जायाचं नाही बाबा," तो म्हणाला. "तुमाले सांगतलं असतं तं तुमी आयकलं नसतं. मी कॉलनीत सगळ्यायपेक्षा जोरानं पयतो. पयता येते म्हून जायाचं का? मुद्दाम मागं राहिलो असतो तं तुमाले लगेच समजलं असतं, तुमी घड्याळ घेऊन उभे रायता. म्हटलं पोट बिघडलं तं कोणाचा दोष नाही. तुमचाही नाही, माहाही नाही."

"घरातून एक जायाचा कायदा हाय," सुगत म्हणाला. पण म्हणताना त्यालाच तो आवाज बापाचा वाटला.

"आजोबाले कोणत्या कायद्यानं पाठवलं होतं?" अनुपनं विचारलं. "ते गाडी सोडून गेले. मले कधी वाटलं तं मीही जाईन. स्कूटी रस्त्यात लावीन आन जाईन. तुमी शिट्टी नका वाजवू."

सगळ्यांनी सुभेदारांकडं पाहिलं. कायदा त्यांचा, निकाल त्यांचा. म्हाताऱ्यानं मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "बैल तहानेले होते लेका. तिसऱ्या माणसानं घरी नेले तवा पाण्यावाचून जीभ काढून राहिले होते म्हणे. माही माय त्याच्याबद्दल जन्मभर बोलली मले." एवढंच म्हणाले. त्यातून ज्यानं त्यानं आपल्याला हवं ते घ्यावं.

चंदननं आपल्यापुढची वाटी उचलली. खिरीवर एव्हाना साय धरली होती. ती त्यानं जमिनीवरून सरकवत धाकट्या भावापुढं आणली.

"घे," तो म्हणाला. "ही वाटी तुहीच होती. तू पडला नसता तं दोघायची असती."

ज्या वाटीसाठी जीव टांगणीला लागला होता ती समोर आली, हाताच्या अंतरावर. सुगतनं तिच्याकडं पाहिलं. बुडाचा पोचा इतक्या जवळून त्याला कधी दिसला नव्हता. घ्यावीशी वाटली का? वाटली, खोटं कशाला बोला. हात थोडा पुढं गेलाही. पण घशातून उतरली नसती. खीर म्हटली की त्याला आता कितीतरी दिवस मैदानाची ती कड आठवणार होती.

"भाऊजी, घ्या ना," भावना म्हणाली.

त्यानं वाटी परत चंदनकडं सरकवली. "खा तू. तू वीस वर्षं दिली तिच्यासाठी," तो म्हणाला. टोमणा मारायचा होता, पण टोमणा झाला नाही. चंदननं मान खाली घातली आणि पहिला घास घेतला.

मग सुगत उठला. तो पोरावर धावून जातो की काय असं वाटून नीलमही उठली. पण तो उंबऱ्याशी जाऊन खाली बसला, आईच्या पुढ्यातला गंज स्वतःकडं ओढला आणि वगराळं हातात घेतलं.

"किती झाल्या?"

"तिसरा वाडगा हाय," अनुप म्हणाला.

"उद्या पयाचं राहू दे. अजून भूक हाय का? खरं सांग. पोट बिघडवायसाठी नाही इचारत. भूक हाय का?"

अनुपनं थोडा विचार केला. "थोडी हाय," तो म्हणाला.

सुगतनं वाढली. खोबरं तळाशी बसलेलं होतं, ते ढवळून वर काढून वाढली. पोरगा खाऊ लागला. उद्या धावायचं नाही म्हटल्यावर आता तो सावकाश खात होता, चवीनं, बोटाला लागलेलं चाटत. बाप समोर बसून पाहत राहिला, आणि पाहता पाहता त्याच्या पोटात तीच जुनी कळ उठली. आता ती चंदनच्या वाटीसाठी नव्हती, पोराच्या वाडग्यासाठी होती.

ह्यानं खीर स्वतः मागून घेतली होती. आपल्याला मागायचं सुचलंच नव्हतं.